योझेफ गोबेल्स: हुकूमशाहीच्या प्रचारमंत्र्यामागे काय उरलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुका आल्या की मराठी वर्तमानपत्रांत गोबेल्स हमखास उगवतो. एक पक्ष दुसऱ्याच्या जाहिरातींना गोबेल्सनीती म्हणतो, दुसरा पहिल्याच्या पत्रकार परिषदांना गोबेल्सतंत्र म्हणतो आणि वाचक पान उलटतो. नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या नावाचा माणूस, त्याचं खातं, त्याचे गुन्हे आणि त्याच्यामागे उरलेल्या गोष्टी यांबद्दल मात्र ऐकीव माहितीच जास्त फिरते. वाचक पुन्हा पुन्हा जे विचारतात त्याची उत्तरं खाली दिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत आटोपली आहेत.

गोबेल्स होता तरी कोण?

जन्म २९ ऑक्टोबर १८९७, जर्मनीच्या पश्चिम भागातल्या राइट या गिरणगावात. घर कॅथलिक, बेताच्या परिस्थितीतलं. उजवा पाय लहानपणापासून अधू, त्यामुळे पहिल्या महायुद्धात सैन्याने घेतलं नाही. १९२१ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठातून साहित्यात डॉक्टरेट मिळवली. त्याचे मार्गदर्शक प्राध्यापक माक्स फोन वाल्डबेर्ग ज्यू वंशाचे होते, हे त्याने पुढे कधी मिरवलं नाही. त्याला व्हायचं होतं लेखक. पण कादंबरीला प्रकाशक मिळेना, बर्लिनच्या नामांकित दैनिकाकडे पाठवलेले लेख साभार परत आले आणि कोलोनच्या बँकेतली नोकरी काही महिन्यांत सुटली.

१९२६ च्या अखेरीस हिटलरने त्याला बर्लिनचा पक्षप्रमुख नेमलं. तिथे नाझी पक्षाला कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. सभांत मारामाऱ्या घडवायच्या, त्यांच्या बातम्या व्हायला लावायच्या आणि १९२७ मध्ये सुरू केलेल्या स्वतःच्या ‘आंग्रिफ’ या पत्रातून त्याच मारामाऱ्यांचे पोवाडे गायचे, हा त्याचा खाक्या. १३ मार्च १९३३ ला, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो लोकप्रबोधन आणि प्रचार खात्याचा मंत्री झाला आणि शेवटपर्यंत त्या पदावर राहिला. ३० एप्रिल १९४५ ला हिटलरने आत्महत्या केली. मृत्युपत्रानुसार गोबेल्स एका दिवसापुरता चॅन्सलर, म्हणजे सरकारप्रमुख, झाला. १ मे रोजी त्याने आणि पत्नी माग्दाने आपल्या सहा मुलांना विष देववलं आणि मग स्वतःला संपवलं. थोरली मुलगी १२ वर्षांची होती, धाकटी ४ वर्षांची.

“खोटं शंभर वेळा सांगितलं की ते खरं वाटू लागतं” हे त्याचंच वाक्य ना?

त्याच्या भाषणांत, लेखांत किंवा डायऱ्यांत असं वाक्य सापडत नाही. कुठे शंभर वेळा, कुठे हजार वेळा, असं ते भिंतींवर आणि फॉरवर्डमध्ये फिरतं, पण मूळ कोणीच दाखवत नाही.

याच्या जवळ जाणाऱ्या दोन गोष्टी मात्र छापील आहेत. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात लिहिलं की सामान्य माणूस छोट्या थापेपेक्षा प्रचंड थापेला लवकर बळी पडतो. पण हा आरोप त्याने केला होता ज्यूंवर. आणि जानेवारी १९४१ मध्ये गोबेल्सने चर्चिलवर एक लेख लिहिला. इंग्रज खोटं बोलतात ते मोठं बोलतात आणि हसं झालं तरी त्यालाच चिकटून राहतात, असा त्याचा सूर होता. म्हणजे दोघांनीही हे तंत्र समोरच्याच्या गळ्यात घातलं. आम्ही असं करतो, असं जाहीर कबूल करण्याइतका गोबेल्स दूधखुळा नव्हता.

म्हणजे तो खोटं बोलत नव्हता?

भरपूर बोलत होता. पण त्याचं खरं बळ खोट्यात नव्हतं. खरी गोष्ट हाती लागली तर ती त्याला जास्त आवडे, कारण ती उघडी पडण्याची भीती नसे.

कातिनचं उदाहरण घ्या. १३ एप्रिल १९४३ ला जर्मन रेडिओने जाहीर केलं की स्मोलेन्स्कजवळच्या जंगलात हजारो पोलिश अधिकाऱ्यांची प्रेतं सापडली आहेत आणि त्यांना सोव्हिएत पोलिसांनी मारलं आहे. ही बातमी खरी होती. १९४० च्या वसंतात स्टालिनच्या हुकुमाने सुमारे २२ हजार पोलिश कैदी कातिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले होते. गोबेल्सने परदेशी तज्ज्ञांना बोलावलं, पत्रकारांना खड्ड्यांपाशी नेलं, आठवडेच्या आठवडे हा विषय तापवत ठेवला. दोस्त राष्ट्रांत फूट पाडणं हा हेतू होता आणि तो बऱ्यापैकी साधला. लंडनमध्ये आश्रय घेतलेल्या पोलिश सरकारशी मॉस्कोने संबंध तोडले. सोव्हिएत संघाने हे हत्याकांड कबूल केलं ते थेट १९९० मध्ये.

पण याच प्रचारात गोबेल्सने गुन्हेगार ठरवले ते ‘ज्यू बोल्शेव्हिक’. आणि घोषणेला आठवडाही झाला नव्हता तोच, १९ एप्रिलला, वॉर्सा घेट्टोतल्या, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतल्या, उरलेल्या ज्यूंना संपवायला जर्मन फौजा आत शिरल्या. खऱ्या प्रेतांचा उपयोग दुसऱ्या प्रेतांची तयारी म्हणून झाला. ‘गोबेल्स म्हणजे थापाड्या’ एवढ्यावरच थांबलं तर हा भाग निसटतो, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

त्याच्या हातात प्रत्यक्ष काय काय होतं?

सप्टेंबर १९३३ मध्ये राष्ट्रीय संस्कृती मंडळ स्थापन झालं. साहित्य, वृत्तपत्रं, रेडिओ, नाटक, संगीत, चित्रकला आणि सिनेमा अशी त्याची सात दालनं. सभासद नसाल तर त्या क्षेत्रात कमावता येत नसे. सेन्सॉरची कात्री नंतर लागे, माणसाची चूल आधी बंद होई. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपादक कायदा आला. संपादक ‘आर्य’ हवा, त्याची बायकोही तशीच हवी आणि जबाबदारी मालकाला नाही तर सरकारला. नोव्हेंबर १९३६ मध्ये कलासमीक्षेवरच बंदी आली. कलाकृतीचं वर्णन करा, बरं-वाईट ठरवू नका, असा आदेश होता.

रोज बर्लिनमध्ये निवडक वार्ताहरांची बैठक भरे. कोणती बातमी पहिल्या पानावर, कोणती आत, कोणता शब्द वापरायचा, कोणत्या मंत्र्याच्या दौऱ्याविषयी गप्प बसायचं, सगळं तोंडी सांगितलं जाई. वार्ताहर टिपून घेत. या टिपणांचा वापर झाला की ती नष्ट करायची अशी ताकीद होती. काही पत्रकारांनी धोका पत्करून ती लपवून ठेवली, म्हणून आज इतिहासकारांना हा कारभार दिवसागणिक वाचता येतो.

पण तो एकटा मालक नव्हता. छापील वृत्तपत्रांचा धंदा माक्स आमानच्या हातात होता. हिटलरचा वृत्तप्रमुख ओटो डीट्रिश रोज हिटलरच्या कानाशी लागे आणि गोबेल्सच्या वरून वृत्तपत्रांना हुकूम देई. परदेशांतल्या प्रचारावरून परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉपशी कायम भांडण. आघाडीवरच्या बातम्या लष्कराकडे. प्रत्येकाने आपला सवता सुभा मांडलेला, आणि हिटलर ही भांडणं मुद्दाम मिटवत नसे.

रेडिओचं काय? स्वस्त रेडिओमुळेच नाझी घराघरांत पोहोचले असं म्हणतात.

ऑगस्ट १९३३ मध्ये ‘लोकरेडिओ’ बाजारात आला. मॉडेलचा क्रमांक ३०१, म्हणजे ३० जानेवारी, हिटलर सत्तेवर आला तो दिवस. किंमत ७६ मार्क. १९३८ मध्ये त्याहून छोटा संच ३५ मार्कांना मिळू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं ‘गोबेल्सचं थोबाड’. युद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीतल्या सुमारे ७० टक्के घरांत रेडिओ होता.

या संचावर परदेशी केंद्रं लागतच नसत, ही एक प्रचलित समजूत. संच कमकुवत होता हे खरं, पण रात्र पडली आणि एरियल जरा बरी लावली की बीबीसी ऐकू येई. म्हणून तर सप्टेंबर १९३९ मध्ये परदेशी रेडिओ ऐकणं गुन्हा ठरवावं लागलं. संचाच्या बटणाला अडकवायचं एक छोटं पुठ्ठ्याचं कार्ड वाटलं गेलं: परदेशी केंद्र ऐकणं हा राष्ट्राच्या सुरक्षेविरुद्धचा गुन्हा आहे, शिक्षा सक्तमजुरीची. ऐकलेली बातमी पसरवणाऱ्याला फाशीही होऊ शकत होती. लोक उशी किंवा गोधडी डोक्यावर घेऊन ऐकत. रेडिओपाठोपाठ पोलीस आणावे लागले, हे गोबेल्सच्या यशाच्या गोष्टी सांगताना बहुतेक जण गाळतात.

पण लोक संमोहित झाले होते ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि त्याचं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे.

१ एप्रिल १९३३ ला ज्यू दुकानांवर देशभर बहिष्कार पुकारला गेला. गोबेल्स त्याचा मुख्य प्रचारक. दारांवर गणवेशातले पहारेकरी उभे असूनही बरेच लोक नेहमीच्या दुकानांत गेले आणि मोहीम एका दिवसात गुंडाळली गेली. १९४० मध्ये ज्यूद्वेषाचे दोन मोठे चित्रपट आले. त्यांतला माहितीपटाच्या थाटाचा, उघड आणि किळसवाणा ‘शाश्वत ज्यू’ साफ पडला. फाइट हार्लानचा ‘यूड ज्यूस’ मात्र चालला आणि तब्बल २ कोटी लोकांनी पाहिला, कारण त्यात कथा होती, नट होते, भरजरी पोशाख होते आणि विष त्यात कालवलेलं होतं. एसएस या नाझी निमलष्करी दलाचा प्रमुख हिमलर याने आपल्या दलाला आणि पोलिसांना तो पाहण्याची आज्ञा काढली.

रेडिओच्या परिणामाबद्दल २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा निष्कर्ष बोलका आहे. ज्या भागांत ज्यूद्वेषाची परंपरा आधीपासून होती तिथे नाझी रेडिओने तो आणखी वाढवला. जिथे ती परंपरा क्षीण होती तिथे तोच रेडिओ उलटा पडला. म्हणजे प्रचाराने नवी मतं शून्यातून पेरली असं फारसं दिसत नाही, असलेल्या मतांना परवानगी मिळाली.

शिवाय लोक चेष्टाही करत. खरा आर्य कसा, तर हिटलरसारखा सोनेरी केसांचा, गोरिंगसारखा सडपातळ आणि गोबेल्ससारखा उंचापुरा, हा विनोद कुजबुजत देशभर फिरला; हे तिन्ही नाझी नेते नेमके याच्या उलट दिसत. गुप्तहेर खात्याचे जनमताचे अहवाल वाचले तर युद्धाच्या उत्तरार्धात वृत्तपत्रांवरचा विश्वास उडाल्याच्या तक्रारी सतत दिसतात.

मग बारा वर्षं राजवट टिकली कशी? लोकांना नोकऱ्या मिळाल्या होत्या, आधीचे विजय खरे होते, विरोधक छळछावणीत होते, आणि हद्दपार केलेल्या ज्यू शेजाऱ्याच्या लिलावात निघालेल्या फर्निचरमध्ये अनेकांचा स्वार्थ होता. प्रचार यांवर चढवलेली कल्हई होती.

‘संपूर्ण युद्ध’ हे गाजलेलं भाषण तरी संमोहनाचा पुरावा नाही का?

१८ फेब्रुवारी १९४३, बर्लिनचं श्पोर्टपालास्ट सभागृह. स्टालिनग्राडला जर्मन फौज शरण येऊन दोन आठवडे झाले होते. हजारोंची गर्दी, मागे फलक: संपूर्ण युद्ध म्हणजे कमीत कमी काळाचं युद्ध. गोबेल्सने श्रोत्यांना एकामागून एक दहा प्रश्न विचारले. चौथा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे: तुम्हाला संपूर्ण युद्ध हवं आहे का? सभागृह ओरडलं, हो!

पण ही गर्दी रस्त्यावरून आलेली नव्हती. पक्षाने निवडून बोलावलेली माणसं होती: कार्यकर्ते, जखमी सैनिक, कारखान्यांतले कामगार, पहिल्या रांगांत नट आणि शास्त्रज्ञ. गोबेल्सने भाषणातच सांगून टाकलं की समोर बसलेले लोक म्हणजे अख्ख्या राष्ट्राचा नमुना आहेत. हे भाषण संध्याकाळी रेडिओवरून देशाला ऐकवलं गेलं. म्हणजे जनतेला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं जनतेने घरी बसून ऐकली.

ध्वनिमुद्रण ऐकताना एका जागी थांबावं. ज्यूंविषयी बोलताना त्याच्या तोंडून ‘उच्छे…’ असं अर्धं निघतं, तो अडखळतो आणि शब्द बदलून ‘निष्प्रभ करणं’ अशा अर्थाचा सौम्य शब्द घेतो. सभागृहात टाळ्या आणि हशा होतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत ही अडखळ नाही. श्रोत्यांना काय म्हणायचं होतं ते कळलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांना ‘आम्हाला काही माहीतच नव्हतं’ असं नंतर म्हणणं अवघड जावं, इतकी ती जागा स्पष्ट आहे.

तो तर बोलघेवडा. प्रत्यक्ष हत्यांशी त्याचा काय संबंध?

संबंध थेट होता, आणि ‘प्रचारक’ या बिरुदामुळे तो झाकला जातो.

९ नोव्हेंबर १९३८. पॅरिसमध्ये एका ज्यू तरुणाने गोळी झाडलेला जर्मन राजनैतिक अधिकारी मरण पावल्याची बातमी आली. म्युनिकच्या जुन्या नगरभवनात पक्षाचे जुने कार्यकर्ते जमले होते. हिटलरशी बोलून गोबेल्स उभा राहिला आणि असं भाषण केलं की जमलेले जिल्हाप्रमुख उठून थेट फोनकडे गेले. त्या रात्री देशभर ज्यूंची शेकडो प्रार्थनास्थळं (सिनेगॉग) जळाली, सरकारी आकड्यानुसार ९१ माणसं मेली आणि सुमारे ३० हजार ज्यू पुरुष छळछावण्यांत गेले. त्यावर दंड ज्यूंनाच: १ अब्ज मार्क.

बर्लिनचा पक्षप्रमुख या नात्याने शहर ‘ज्यूमुक्त’ करणं ही त्याची खासगी हौस होती. सप्टेंबर १९४१ मध्ये जर्मनीतल्या ज्यूंना पिवळा तारा लावायची सक्ती झाली, त्यामागे त्याचा रेटा होता. १८ ऑक्टोबर १९४१ ला बर्लिनहून ज्यूंना हद्दपार करणारी पहिली आगगाडी सुटली. १६ नोव्हेंबरला त्याने ‘दास राइश’ साप्ताहिकात अग्रलेख लिहिला, शीर्षक ‘दोष ज्यूंचाच’. ज्यूंचा आता नाश होतो आहे, हे त्यात उघड छापलं आहे. २७ मार्च १९४२ च्या डायरीत व्याप्त पोलंडमधल्या लुब्लिन भागातल्या ज्यूंबद्दल नोंद आहे: साधारण ६० टक्क्यांना संपवावं लागेल, ४० टक्के कामाला लावता येतील. श्पोर्टपालास्टच्या भाषणानंतर नऊ दिवसांनी, २७ फेब्रुवारी १९४३ ला, बर्लिनच्या कारखान्यांत राबणाऱ्या ज्यू कामगारांना यंत्रांवरून उचललं गेलं. त्यांतल्या जर्मन बायका असलेल्या पुरुषांना रोझेनश्ट्रासे या गल्लीत डांबलं, तेव्हा त्या बायका दिवसच्या दिवस रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्यांचे नवरे सुटले. हे आंदोलनामुळेच झालं का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण बर्लिनमधून एकूण ५० हजारांहून अधिक ज्यू पाठवले गेले, यावर वाद नाही.

मग ‘प्रचाराचा जादूगार’ ही प्रतिमा कुठून आली?

पहिला शिल्पकार तो स्वतः. १९२३ पासून मरेपर्यंत त्याने डायरी लिहिली. १९३६ मध्ये तिचे हक्क पक्षाच्या प्रकाशनगृहाला विकून अडीच लाख मार्क उचलले. पुढे दरवर्षी आणखी १ लाख मिळणार होते आणि मजकूर त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी छापायचा होता. म्हणजे इतिहासात आपण कसे दिसावं याचा मोबदला त्याने आगाऊ घेतला. १९४१ पासून तो रोज लघुलेखकाला मजकूर सांगू लागला, कधी कधी एका दिवसाची कित्येक पानं. प्रत्येक भाषण अप्रतिम, प्रत्येक सभा बेभान, फ्युरर नेहमी खूश.

दुसरे शिल्पकार युद्धानंतरचे. मेलेला जादूगार सगळ्यांच्याच सोयीचा होता. नाझी नेत्यांवर न्यूरेंबर्गला चाललेल्या खटल्यात आल्बर्ट श्पेअरने आपल्या अखेरच्या निवेदनात सांगितलं की रेडिओ आणि लाउडस्पीकरसारख्या यंत्रांनी ८ कोटी लोकांची स्वतंत्र विचारशक्ती हिरावली गेली. हे बोलणारा माणूस शस्त्रास्त्रमंत्री होता, लाखो गुलाम कामगार त्याच्या कारखान्यांत राबले होते. आम्हाला भुरळ पडली होती म्हटलं की सही कोणी केली हे कोणी विचारत नाही. न्यायाधीश, डॉक्टर, प्राध्यापक, शेजारी, सगळ्यांना हे कारण पुरलं. गोबेल्सच्या कार्यालयातल्या एक टंकलेखिका ब्रुनहिल्ड पोम्झेल २०१७ मध्ये, १०६ व्या वर्षी वारल्या. त्याआधी एका माहितीपटात त्या सांगत होत्या की आपण फक्त टंकलेखन करत होतो, आपल्याला काही माहीत नव्हतं.

तिसरा हातभार आपला सगळ्यांचा. जाहिरात आणि जनसंपर्क शिकवणारे गोबेल्सचे ‘नियम’ तक्त्यात मांडतात. अशा तक्त्यांतली बरीच कलमं नंतरच्या लोकांनी रचलेली असतात.

त्या डायऱ्यांवर विश्वास ठेवायचा तरी किती?

तारखा, भेटी, कोण कोणाशी भांडलं, कोणता निर्णय कधी झाला, यासाठी त्यांना तोड नाही. स्वतःच्या प्रभावाबद्दल तो जे लिहितो ते मात्र जपूनच घ्यावं. लोक काय म्हणत होते, यासाठी त्याची साक्ष काढू नये.

डायऱ्या आपल्यापर्यंत आल्या कशा, हेही ऐकण्यासारखं आहे. युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत त्याने सगळी पानं काचेच्या पट्ट्यांवर सूक्ष्म छायाचित्रांत उतरवून घेतली आणि पट्ट्या पॉट्सडामजवळ पुरल्या. त्या सोव्हिएत अधिकाऱ्यांनी शोधून मॉस्कोला नेल्या. १९९२ मध्ये इतिहासकार एल्के फ्रोलिश यांना त्या तिथल्या अभिलेखागारात सापडल्या आणि म्युनिकच्या समकालीन इतिहास संस्थेने २००८ पर्यंत पूर्ण संच छापला.

लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं म्हणून त्याच्या लेखनाचे हक्क २०१५ च्या अखेरीपर्यंत जिवंत होते. त्याच्या चरित्रात डायरीतली अवतरणं वापरणाऱ्या एका जर्मन प्रकाशकाला वारसांच्या वतीने न्यायालयात खेचलं गेलं आणि म्युनिकच्या न्यायालयाने मानधनाचा दावा मान्य केला. असल्या माणसाच्या नावावर रॉयल्टी मागायला जीभ कशी रेटली, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेरचा.

त्याच्या हाताखालच्या लोकांना शिक्षा झाल्या का?

थोड्या, आणि थोड्याच काळाच्या. न्यूरेंबर्गच्या मुख्य खटल्यात प्रचार खात्यातर्फे उभा केला गेला तो रेडिओ विभागाचा प्रमुख हान्स फ्रिट्शे. खरा आरोपी मेलेला, म्हणून हा बदली. १ ऑक्टोबर १९४६ ला तो निर्दोष सुटला. जर्मन न्यायालयाने मग त्याला नऊ वर्षं दिली, पण १९५० मध्ये तो बाहेर होता. डीट्रिशला सात वर्षं झाली, तोही १९५० मध्ये सुटला. ‘श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेषी पत्राचा प्रकाशक युलियुस श्ट्राइशर मात्र फासावर गेला. तो गोबेल्सच्या खात्यातला नव्हता आणि गोबेल्सला तो गावंढळ वाटे.

खात्याचा राज्य सचिव वेर्नर नाउमान बर्लिनमधून निसटला. जानेवारी १९५३ मध्ये ब्रिटिशांनी त्याला आणि त्याच्या साथीदारांना पकडलं, कारण ही मंडळी पश्चिम जर्मनीच्या एका उदारमतवादी पक्षात शिरकाव करत होती. तोही काही महिन्यांनी सुटला.

जर्मनीने त्यानंतर आपली व्यवस्था बदलली का?

बदलली, आणि गोबेल्सचा सगळ्यात टिकाऊ वारसा इथेच आहे, त्याने कधी कल्पनाही केली नसेल असा. पश्चिम जर्मनीत रेडिओ केंद्र सरकारच्या हाती द्यायचाच नाही, असं ठरलं. ब्रिटिश भागातलं केंद्र बीबीसीच्या धर्तीवर उभं राहिलं, बाकी केंद्रं राज्यांनिहाय झाली आणि १९५० मध्ये त्यांचा संघ बनला. चॅन्सलर आडेनाउअर यांनी केंद्र सरकारच्या कह्यातली दूरचित्रवाहिनी काढायचं ठरवलं, तेव्हा घटना न्यायालयाने १९६१ मध्ये ती रोखली.

त्याहून रंजक प्रकरण हार्लानचं. ‘यूड ज्यूस’चा हा दिग्दर्शक मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातून सुटला आणि पुन्हा सिनेमे काढू लागला. हॅम्बुर्ग सरकारचे वृत्तप्रमुख एरिश ल्यूट यांनी १९५० मध्ये लोकांना त्याच्या नव्या चित्रपटावर बहिष्कार टाकायचं आवाहन केलं. चित्रपट कंपन्यांनी न्यायालयातून ल्यूट यांचं तोंड बंद केलं. प्रकरण घटना न्यायालयात गेलं आणि १५ जानेवारी १९५८ ला निकाल ल्यूट यांच्या बाजूने लागला. जर्मनीत अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या आजही सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या निकालांपैकी हा एक.

त्या काळातले सुमारे ४० प्रचारपट आजही खुलेपणाने दाखवले जात नाहीत. हक्क असलेलं प्रतिष्ठान ते तज्ज्ञाच्या प्रास्ताविकासह आणि नंतर चर्चा ठेवूनच दाखवू देतं. बंदी म्हणावी तर नाही, मोकळीक म्हणावी तर तीही नाही.

ऑलिंपिकची मशालदौड त्याचीच कल्पना होती का?

कल्पना क्रीडा संघटक कार्ल डीम यांची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी ग्रीसमधल्या ऑलिंपियापासून ३ हजारांहून अधिक धावपटूंनी ज्योत आणली, आणि प्रचार खात्याने पैसा, प्रसिद्धी आणि रेडिओ पुरवून तिचा सोहळा केला. प्राचीन ऑलिंपिकमध्ये अशी दौड नव्हती. प्रथा मात्र टिकली.

सुभाषबाबूंचा आझाद हिंद रेडिओ गोबेल्सच्या खात्याचा होता का?

नाही. नेताजी एप्रिल १९४१ मध्ये बर्लिनला पोहोचले. त्यांचं काम पाहत होता परराष्ट्र खात्यातला भारत विभाग आणि त्यातला अधिकारी आडाम फोन ट्रोट, ज्याला पुढे हिटलरविरोधी कटासाठी १९४४ मध्ये फाशी झाली. आझाद हिंद रेडिओवर हिंदुस्तानी, बंगाली, तमिळ यांच्यासोबत मराठीतूनही बातम्या दिल्या जात. फेब्रुवारी १९४२ मध्ये नेताजींचा आवाज पहिल्यांदा त्यांच्या नावाने ऐकू आला. लहरी जर्मनांच्या होत्या, त्यामुळे गोबेल्सला या प्रसारणात रस होता, डायरीत तसे उल्लेख आहेत. पण भारताच्या स्वातंत्र्याची जाहीर हमी नेताजींना बर्लिनमध्ये शेवटपर्यंत मिळाली नाही आणि फेब्रुवारी १९४३ मध्ये ते पाणबुडीने पूर्वेकडे निघाले.

आजच्या राजकारण्याला ‘गोबेल्स’ म्हणणं योग्य आहे का?

जर्मनीतही हा मोह आवरत नाही. १९८५ मध्ये माजी चॅन्सलर विली ब्रांट यांनी सत्ताधारी पक्षाच्या हायनर गाइस्लर यांना गोबेल्सनंतरचा सर्वांत वाईट चिथावणीखोर म्हटलं. १९८६ मध्ये चॅन्सलर हेल्मुट कोल यांनी गोर्बाचेव्ह यांच्या प्रसिद्धिकौशल्याची तुलना गोबेल्सशी केली आणि मॉस्कोशी संबंध काही काळ बिघडले.

माझं मत विचाराल तर ही शिवी बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडते. आपल्याकडे खोटी आकडेवारी देणाऱ्याला गोबेल्स म्हणतात. खोटी आकडेवारी प्रत्येक काळात, प्रत्येक राजवटीत असते. तुलना करायचीच तर वेगळे प्रश्न विचारावेत. पत्रकाराला नोकरीसाठी सरकारी परवाना लागतो का? मालक कोणाच्या फोनने बातमी काढतात? एखाद्या समाजाबद्दल रोज थोडं थोडं बोलून त्याच्या घराला आग लावणं लोकांना स्वाभाविक वाटू लागलं आहे का? ९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी म्युनिकमध्ये भाषण संपल्यावर फोनकडे गेलेले लोक हा त्या कारभाराचा भाग होता, आणि भाषण करणाऱ्याइतकेच ते जबाबदार होते.

त्याची समाधी किंवा स्मारक कुठे आहे का?

नाही. त्याचं अर्धवट जळलेलं शव सोव्हिएत सैनिकांना सापडलं, इतरांसोबत माग्डेबुर्गला पुरलं गेलं आणि १९७० मध्ये केजीबी या सोव्हिएत गुप्तहेर संस्थेने ते उकरून जाळलं आणि राख नदीत सोडली.

इमारतींचं मात्र काय करायचं हे अजून सुटलेलं नाही. विल्हेल्मप्लात्सवरचा मंत्रालयाचा जुना वाडा १३ मार्च १९४५ ला, खातं स्थापन होऊन बरोबर बारा वर्षं झाली त्याच तारखेला, बॉम्बने जमीनदोस्त झाला. त्याला त्याने जोडलेल्या नव्या इमारती उरल्या आणि तिथे आज जर्मनीचं कामगार मंत्रालय आहे. बर्लिनच्या उत्तरेला बोगेनझे तळ्याकाठी त्याचं ग्रामीण निवासस्थान आहे. युद्धानंतर पूर्व जर्मनीच्या कम्युनिस्ट युवक संघटनेने तिथे कार्यकर्ते घडवणारं विद्यालय काढलं आणि शेजारी भव्य इमारती उभ्या केल्या. १९९० नंतर मालकी बर्लिन राज्याकडे आली. गिऱ्हाईक मिळेना, कारण राज्याला ते नवनाझींच्या हाती जाऊ द्यायचं नाही आणि डागडुजीचा खर्च अफाट. मे २०२४ मध्ये बर्लिनच्या अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं की कोणी चांगल्या कामासाठी घेणार असेल तर ते फुकट देऊ, नाहीतर पाडू. त्यावर युरोपातल्या एका ज्यू संघटनेने तिथे द्वेषाविरुद्ध काम करणारं केंद्र काढायचा प्रस्ताव दिला, तर वास्तू जतन करणाऱ्यांनी पाडायला विरोध केला.